आपोआपची गोष्ट

स्मरणिका समितीनं मला "सोसायटीचा २५ वर्षांचा इतिहास लिहा" म्हणून सांगितलं. अध्यक्ष कोण कोण झाले, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं, पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक कधी बसले, हे सगळं पुढच्या पानांवर फोटोंसकट आहेच. तेच पुन्हा लिहिण्यात अर्थ नाही. मी जन्मभर आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला पोरं शिकवली, त्यामुळे मला इतिहास दिसतो तो मीटररूममध्ये. आपल्या मोटारीच्या बटणाचा इतिहास लिहितो म्हटल्यावर समितीतल्या ताई हसल्या, पण "लिहा काका" म्हणाल्या.

कारणही तसंच आहे. मागच्या वार्षिक सभेत आपल्या तरुण सभासदांनी एक सूचना मांडली होती. टाकीची पातळी बघणं, मोटार लावणं, टँकर मागवणं, गेटवर आलेल्या माणसाला आत सोडणं, लाइटबिल भरणं, ही सगळी कामं एका एआय एजंटकडे द्यायची. घराघरांतले दिवे, गिझर, एसीसुद्धा ज्याला हवे त्यानं त्यालाच जोडायचे. सभेत बरीच वादावादी झाली. चहा आला आणि विषय अर्धवट राहिला. तेव्हा मी जे बोलायला उभा राहिलो होतो, ते मला नीट बोलता आलं नाही. ते इथं लिहितो.

घरातलं काम कुणीतरी परस्पर करून टाकावं, ही इच्छा कॉम्प्युटरमधून आलेली नाही. ती आपल्या जिल्ह्यात फार जुनी आहे. पैठणच्या नाथांच्या वाड्यातली श्रीखंड्याची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी आजीकडून ऐकली असेल. एकनाथ महाराजांच्या घरी एक पोरगा येतो, काम द्या म्हणतो. चंदन उगाळतो, कावडीनं गोदावरीचं पाणी आणतो, रांजण भरतो. बारा वर्षं भरतो. पुढे द्वारकेहून एक भक्त शोध घेत येतो आणि उलगडा होतो की हा साक्षात श्रीकृष्ण. तोवर श्रीखंड्या निघून गेलेला असतो. तो रांजण आजही पैठणला दाखवतात आणि नाथषष्ठीच्या दिवसांत लोक त्यात गोदावरीचं पाणी ओततात.

माझी आई ही कथा सांगायची तेव्हा तिचं लक्ष देवाकडे कमी आणि पाण्याकडे जास्त असायचं. "बारा वर्षं कुणी आयतं पाणी भरलं, केवढं सुख गिरिजाबाईंना," असं म्हणायची. नळ नसलेल्या घरात दिवस काढलेल्या बाईला त्या गोष्टीतला चमत्कार बरोबर कळला होता. जनाबाईबरोबर दळायला विठ्ठल बसला, त्या कथेतही हेच आहे. बाईच्या वाट्याला दोन कामं आली, पाणी आणि दळण, आणि दोन्हीसाठी तिनं देवाला राबवून घेतलं.

गंमत बघा, आपल्या शहरात या दोन्ही कामांसाठी पुढे यंत्रं झाली.

मलिक अंबर हा हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. गुलाम म्हणून विकला गेला, फिरत फिरत दख्खनला आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. त्यानं १६१० मध्ये खडकी इथं नवं शहर वसवलं. नावच खडकी, खाली सगळा खडक. बारमाही मोठी नदी नाही. खाम नदी आहे, पण तिच्या भरवशावर शहर वसत नाही. मग त्यानं शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी जमिनीत मुरलेलं पाणी भुयारी मार्गानं गोळा केलं आणि उताराउतारानं गावात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. वर बघितलं तर काही दिसत नाही, मध्ये मध्ये विहिरीसारखी उभी तोंडं आहेत, त्यातून माणूस उतरून गाळ काढायचा. काही ठिकाणी बांधीव मनोरे आहेत. पाणी त्यात चढतं, कोंडलेली हवा सुटते, दाब सारखा होतो आणि पाणी पुढे जातं. पुढे खापरी नळांतून हौदांमध्ये, कारंज्यांमध्ये.

या सगळ्या व्यवस्थेला मोट नाही, बैल नाही, बटण तर नाहीच. उतार धरून पाणी येतं. आयटीआयच्या पोरांना मी दरवर्षी एकदा पाणचक्कीला घेऊन जायचो आणि हेच दाखवायचो. सूफी संत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की १८ व्या शतकातली. तिचं पाणीही असंच डोंगराच्या बाजूनं, जमिनीखालून येतं, भिंतीवर चढतं आणि हौदात कोसळतं. त्या पाण्याच्या जोरावर खाली पात्यांचं चाक फिरतं आणि चाकावरची जाती फिरतात. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांचं, यात्रेकरूंचं, गोरगरिबांचं पीठ त्यावर दळलं जायचं. हौदाच्या तळाखाली मोठं दालन आहे, वर पाणी असल्यामुळे ते उन्हाळ्यात गार राहतं. म्हणजे एकाच पाण्यावर दळण आणि एसी, दोन्ही. पोरांना हे सांगितलं की ती हसायची, पण लक्षात ठेवायची.

जगात तेव्हा काय चाललं होतं? अल-जझारी नावाच्या कारागिरानं १२०६ मध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबाकीरच्या राजदरबारात यंत्रांवर एक ग्रंथ पुरा केला. त्यात हात धुण्याचं एक यंत्र आहे. मोराच्या चोचीतून पाणी पडतं, सांडलेलं पाणी खालच्या भांड्यात साठतं, त्यातला तरंगता गोळा वर येतो आणि दार उघडून एक बाहुला साबणाची पूड घेऊन बाहेर येतो. पाणी आणखी चढलं की दुसरा बाहुला टॉवेल घेऊन येतो. आपल्या वरच्या टाकीत जो फ्लोट आहे ना, तो याच कुळातला. आणि मलिक अंबर इकडे नहर खोदत होता त्याच सुमाराला लंडनमध्ये कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसानं अंडी उबवायची भट्टी केली होती. उष्णता वाढली की ती आपणच हवेचं तोंड बंद करायची, कमी झाली की उघडायची. थर्मोस्टॅटचा हा आजोबा. आपल्या इस्त्रीत आणि गिझरमध्ये तोच बसलेला आहे.

या सगळ्या यंत्रांचा एक गुण आहे. ती काय करणार हे बघणाऱ्याला दिसतं. गोळा वर गेला की दार उघडणार. पाणी थांबलं की जातं थांबणार. कुणी आत हात घातला तर हात जाणार, पण का गेला हे सगळ्यांना कळणार.

आपलं पाणी मात्र वेगळं. मलिक अंबरचं पाणी उतरत यायचं, आपलं चढत येतं. पैठणला जायकवाडीचं धरण झालं, १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झालं, आणि पुढे नाथसागराचं पाणी हेच शहराचं मुख्य पाणी झालं. पन्नासेक किलोमीटर, आणि शहर पैठणपेक्षा उंचावर. म्हणजे श्रीखंड्या ज्या गोदावरीतून कावड भरायचा, तिचंच पाणी पंप लावून टप्प्याटप्प्यानं आपल्यापर्यंत ढकललं जातं. पाणी चढवायचं म्हटलं की वीज आली, पंप आला, बटण आलं. बटण आलं की ते कधी दाबायचं हे ठरवणारा माणूस आला. आपल्या इमारतीतही तेच. रस्त्यावरून जमिनीखालच्या टाकीत आणि तिथून मोटारीनं वरच्या टाकीत.

२००१ साली आपण इथं राहायला आलो तेव्हा हा ठरवणारा माणूस म्हणजे मामा. नव्या लोकांना मामा माहीत नाहीत. पहिल्या दिवसापासूनचे वॉचमन, पैठण तालुक्यातले, कोरडवाहू जमीन भावाला कसायला देऊन शहरात आलेले. नळाचं पाणी रोज येत नाही, हे तेव्हाही होतं. येईल त्या दिवशी कधी येईल ते लाइनमनला माहीत आणि लाइनमनचा स्वभाव मामांना माहीत. तो सायकलवर लांब चावी अडकवून कोपऱ्यावरच्या व्हॉल्व्हकडे आला की मामा अर्ध्या झोपेत उठायचे. नळाच्या पाइपला कान लावायचे. आधी फुसफुस हवा येते, मग पाणी. हवेवर मोटार लावली तर ती कोरडी चालते आणि जळते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एकदा जळाली होती, वाइंडिंगचे पैसे वर्गणी काढून दिले होते, तेवढं पुरलं.

२००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. वीज असते तेव्हा पाणी नाही, पाणी असतं तेव्हा वीज नाही. मामांनी मीटररूमच्या भिंतीवर खडूनं वेळापत्रक लिहून ठेवलं होतं. मध्यरात्री लाइट आली की तिसऱ्या मजल्यावरच्या काकू गॅलरीतून "मामा, मोटार!" म्हणून हाक मारायच्या आणि खालून "लावली, लावली" असं उत्तर यायचं. ही सगळी व्यवस्था एका माणसाच्या झोपेवर उभी होती, हे मला तेव्हा जाणवलं नाही असं नाही. जाणवलं होतं, म्हणूनच मी ऑटोमॅटिक बसवायचा आग्रह धरला.

तो माझ्या हातचा होता. मी तेव्हा सेक्रेटरी होतो आणि बाहेरून माणूस आणून पैसे कशाला घालवायचे, म्हणून रविवारी माझ्या दोन माजी विद्यार्थ्यांना घेऊन मीच बसवला. वरच्या टाकीत सेन्सरच्या तीन कांड्या, खालच्या टाकीत तशाच. वर पाणी संपलं आणि खाली पाणी असलं की मोटार चालू. वर भरलं किंवा खाली संपलं की बंद. पहिल्या दिवशी मोटार आपली आपण सुरू झाली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मामांना म्हणालो, "आता झोपा निवांत." ते काही बोलले नाहीत. पुढच्याच सभेत कुणीतरी विचारलं की आता रात्रपाळीला वेगळा पगार कशाला. तो कमी झाला. त्या ठरावाखाली माझी सही आहे.

मग उन्हाळ्यात टाकी धुवायची वेळ आली. टाक्या धुणारा एक पोरगा आला होता, असेल एकोणीस-वीस वर्षांचा. आधी वरची टाकी सोडून दिली, धुतली, मग तो जमिनीखालच्या टाकीत उतरला. आत ढोपरभर पाणी शिल्लक होतं आणि आपली मोटार सबमर्सिबल, म्हणजे त्याच पाण्यात बुडालेली. मी मीटररूममध्ये रजिस्टर घेऊन उभा होतो. तेवढ्यात कॉन्टॅक्टर खट्‌ करून लागला.

मला एक क्षण काही सुचलं नाही. वरची टाकी रिकामी, खाली कांडी बुडेल एवढं पाणी. माझ्या यंत्रानं हिशेब केला होता आणि तो हिशेब बरोबर होता. मोटारीची केबल जुनी. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालावं लागतं, हे मी वर्गात फळ्यावर लिहून देत आलो आणि त्या वर्षी टंचाई म्हणून आपण घातलेलं नव्हतं. मी मेनकडे झेपावलो. पण मोटारीचा आवाज आलाच नाही.

मामा दारात उभे होते. त्यांनी खिशातून तीन किटकॅट काढून दाखवले. पोरगं टाकीत उतरायच्या आधीच त्यांनी मोटारीच्या तिन्ही फेजचे फ्यूज उपटून खिशात टाकले होते. ऑटोमॅटिकला करंट मी जिन्यातल्या दिव्यांच्या लाइनवरून दिला होता, म्हणून कॉन्टॅक्टर वाजला. मोटारीला काही मिळालं नाही.

"साहेब," ते म्हणाले, "पोरगं खाली हाय. त्या यंत्राला काय ठावं खाली कोन हाय ते?"

त्या पोराला हे कधीच कळलं नाही. तो वर आला, चहा प्याला, पैसे घेऊन गेला. मी ही हकिगत आजवर कमिटीच्या दोघांशिवाय कुणाला सांगितली नव्हती. २५ वर्षांचा इतिहास लिहायचा तर ही गाळून लिहिणं बरं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोटारीच्या लाइनवर वेगळा आयसोलेटर बसवला. तो आजही तिथं आहे, लाल दांड्याचा. रात्रपाळीचा पगार मात्र परत सुरू झाला नाही. मी विषय काढला होता, आणि मग सोडून दिला होता.

आता एजंटकडे येतो.

घरानं माणसाचं ऐकावं, ही खटपट तशी जुनी. १९६६ मध्ये अमेरिकेत जिम सदरलँड नावाच्या इंजिनिअरनं तळघर भरेल एवढा कॉम्प्युटर घरी बांधला होता, घराचा हिशेब ठेवायला आणि घड्याळं, तापमान सांभाळायला. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका कंपनीनं घरातल्याच विजेच्या तारांवरून दिव्यांना हुकूम पाठवायची पद्धत काढली. आपल्याकडे बोलणारे डबे आले ते २०१७ मध्ये, अलेक्सा आधी इंग्रजीत, मग हिंदीत. गुगलचा असिस्टंट २०१८ मध्ये मराठी बोलायला लागला. आपल्या इमारतीत एकदा गणपतीत एका घरी आरती चालू असताना तो डबा मध्येच "मला समजलं नाही" असं म्हणाला होता, ते अजून सगळ्यांना आठवतं.

पण हे सगळे हुकमाचे ताबेदार. दिवा लाव म्हटलं की दिवा. एजंट त्यापुढचा. त्याला तुम्ही हुकूम देत नाही, काम देता. "टाकीत पाणी कमी पडू देऊ नकोस" एवढंच सांगायचं. मग तो टाकीची पातळी वाचतो, पाण्याच्या दिवसाचा मेसेज वाचतो, नळ येणार नाही असं वाटलं तर टँकरवाल्याला मेसेज करतो, भाव ठरवतो, पैसे पाठवतो, गेटवर कळवतो. प्रत्येक पायरीला काय झालं ते बघून पुढची पायरी ठरवतो. माणसांनी लिहिलेलं अफाट लिखाण वाचून तयार झालेलं भाषेचं मॉडेल त्याच्या मुळाशी असतं आणि हातपाय म्हणून ही अ‍ॅप, हे खातं, हे बटण त्याला जोडलेलं असतं. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं तेव्हा ते फक्त बोलत होतं. २०२४-२५ मध्ये त्याच जातीच्या प्रोग्रामांना कॉम्प्युटर चालवायला, खरेदी करायला, घरातली उपकरणं चालवायला हात मिळाले.

याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. सभेत काही ज्येष्ठ मंडळींनी "हे सगळं फॅड आहे" म्हटलं, ते मला पटलं नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी एकट्या असतात, मुलगा परदेशात. त्यांचे हात थरथरतात, गॅसचं बटण फिरवणं जड जातं. गॅस राहिला तर ओळखणारं, रात्री बाथरूमला उठल्या की दिवा लावणारं आणि पडल्या तर शेजारी फोन लावणारं काही घरात असेल तर ते हवंच. आणि मामांसारखं कुणाला आयुष्यभर अर्ध्या झोपेत ठेवायचं, हेही बरोबर नव्हतं.

आपण प्रयोग केला, तो किती जणांना माहीत आहे? दिवाळीनंतर एक महिना, कमिटीच्या तोंडी परवानगीनं, आपल्या एका हुशार मुलानं स्वतःच्या कॉम्प्युटरवर असा एजंट चालवून बघितला. तीन आठवडे त्यानं मामांपेक्षाही नीट काम केलं. चौथ्या आठवड्यात ग्रुपवर कुणीतरी थट्टेनं लिहिलं, "नळाचं काही खरं नाही, टँकरच मागवा आता दोन." एजंट ग्रुप वाचत होता. त्यानं दोन मागवले. पहाटे टँकर दारात आणि खालची टाकी काठोकाठ, कारण रात्रीच नळ येऊन गेला होता. त्यानं पातळी बघितली नव्हती का? बघितली होती, असं तो मुलगा म्हणाला. नोंद उघडून दाखवली. टाकी भरलेली आहे हे तिथं लिहिलं होतं आणि तरी "सभासदांनी स्पष्टपणे मागणी केली आहे" असंही लिहिलं होतं. टँकरवाला परत जाईना, डिझेल जळलं म्हणाला. त्याचंही बरोबर होतं. एक टँकर बागेला आणि शेजारच्या इमारतीला दिला, दुसऱ्याचे पैसे असेच गेले.

त्या महिन्याच्या हिशेबात खजिनदार वहिनींनी व्हाउचर पुढे ठेवलं आणि विचारलं, "मागवणाऱ्याची सही कुणाची घेऊ?" ज्यानं थट्टा केली तो म्हणे मी कुठे मागवले. ज्यानं एजंट चालवला तो म्हणे मी झोपलो होतो. शेवटी वहिनींनीच सही केली आणि निम्मे पैसे स्वतः भरले. मी सेक्रेटरी झालो तेव्हा एम-२० नमुन्यातला बाँड भरून दिला होता. कमिटीच्या निर्णयानं नुकसान झालं तर आम्ही सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार, असा. त्या कागदावर एजंटच्या सहीला जागा नाही.

आपल्याकडचा प्रकार थट्टेचा होता म्हणून निभावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी हेच मुद्दाम करून दाखवलं. त्यांनी एका माणसाच्या कॅलेंडरमध्ये साधं आमंत्रण पाठवलं आणि त्याच्या मजकुरात यंत्रासाठी सूचना दडवून ठेवल्या. घरमालकानं गुगलच्या जेमिनीला "आज काय काय आहे?" एवढं विचारलं, मग आभार मानले, आणि घरातले दिवे बंद झाले, खिडक्यांचे शटर उघडले, बॉयलर चालू झाला. त्यांनी कंपनीला आधीच कळवलं होतं आणि कंपनीनं बंदोबस्तही केला. पण मुळातली अडचण अशी की वाचलेला मजकूर आणि मालकाचा हुकूम, या दोन्ही गोष्टी एजंटकडे एकाच वाटेनं, शब्दांतूनच येतात. २०१७ च्या जानेवारीत अमेरिकेत एका लहान मुलीनं अलेक्साला सांगून बाहुलीचं घर मागवलं. ती बातमी देताना टीव्हीवरच्या निवेदकानं तेच वाक्य उच्चारलं, तर बघणाऱ्यांच्या घरातले डबे ऑर्डर द्यायला निघाले. आवाज कुणाचा, हे डब्याला कुठे कळत होतं? मामांना पाइपमधली हवा आणि पाणी वेगळं ऐकू यायचं.

म्हणून येत्या सभेसाठी मी सूचना दिली आहे, ती इथंही लिहितो, कारण सभेला सगळे येत नाहीत. एजंटला पातळी बघू द्या, मेसेज वाचू द्या, हिशेब मांडू द्या. मोटार लावू द्या, पण आयसोलेटरच्या अलीकडे. टँकर त्यानं सुचवावा आणि कमिटीतल्या कुणी एकानं फोनवर होकार द्यावा, त्याच माणसाची व्हाउचरवर सही. ग्रुपवरचं बोलणं त्यानं वाचायचं नाही. गेट त्याला द्यायचं नाही. तरुण मंडळींना हे फार जुनाट वाटेल, वाटू द्या. आणि आजींच्या घरात जे लावायचं ते आजींना विचारून, त्यांना बंद करता येईल असं लावा. गेल्या वेळी त्यांच्या मुलानं तिकडून बसवलेला कॅमेरा त्यांनी टॉवेल टाकून झाकला होता.

टाकीत माणूस असेल तेव्हा काय, हे वेगळं लिहितो. कारखान्यात एक साधी रीत आहे. जो यंत्रात शिरतो तो स्वतः मेनला कुलूप लावतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवून आत जातो. बाहेरचा साहेब असो, कॉम्प्युटर असो, तो माणूस वर येईपर्यंत कुणालाच काही चालू करता येत नाही. मी ही रीत तीस वर्षं शिकवली आणि आपल्याच इमारतीत लावायची विसरलो. मामांनी ती न शिकता लावली.

मामा चार वर्षांपूर्वी गावी परत गेले. गुडघे गेले आहेत, बाकी ठीक आहेत. स्मरणिकेसाठी फोटो हवा म्हणून गेल्या आठवड्यात मी फोन केला. फोटो नातवानं पाठवला आहे, पहिल्या वॉचमनच्या जागी तो छापायचा आहे. टाकी धुतली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात आहे. लाल दांड्याला बसेल असं पितळी कुलूप मी आणून ठेवलं आहे. दुकानदारानं तीन किल्ल्या दिल्या होत्या, दोन मी त्याच्याकडेच परत दिल्या.